हमालाचे खांदे

जाम गावच्या चौकातले किराणावाले पुंडलिकराव आठ वर्षांपूर्वी मुलासाठी गुंजनला पाहायला आले होते. दोनदा पोहे मागून चापले, पोरीला चालवलं, वळवलं आणि तिच्यादेखत म्हणाले, "हिचे खांदे हमालाचे हायेत. आमाले सून पायजे."

गुंजनने तेव्हापासून डूख धरला. आता शरीरसौष्ठवाच्या पहिल्याच स्पर्धेसाठी ती अळणी अंडी गिळते, वजनं उचलून तेच खांदे घडवते आणि आरशापुढे चालते, वळते. स्पर्धेला आठवडा उरला, तशी ती त्यांच्याच दुकानात गेली. भर गिऱ्हाइकांत तिने पहिल्या रांगेचा पास काउंटरवर आपटला.

"येजा काका. चालूनबी दाखवीन, वळूनबी दाखवीन. फक्त या खेपेले तुमची पसंती कोणी इचारणार नाई."