टेपचं दुसरं टोक

गिंडीजवळचा फ्लॅट दुसऱ्यांदा पाहायला गेलो, तेव्हा मी मोजायची टेप नेली होती. मालकाने सांगितलेल्या क्षेत्रफळावर माझा विश्वास नव्हता. बायको आकडे लिहून घेत होती, म्हणून शेजारच्या वयस्क बाईंनी आपणहून टेपचं दुसरं टोक धरलं. त्यांच्या दारावर अरबी अक्षरांची पाटी होती. चेन्नईत खासगी बोलणं चारचौघांतही मराठीत उरकायची आम्हाला सवयच आहे. मी बायकोला म्हणालो, "घर चांगलंय, पण शेजार बघ कसला! त्यावरच लाखभर कमी करून घेतो." बाई टोक घट्ट धरून उभ्या होत्या. पुढे मालकाशी मी तसंच बोललो आणि किंमत उतरली.

राहायला आलो त्या सकाळी बाई चहाचा थर्मास घेऊन आल्या आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "काय भाऊ, लाख सुटले का?" नवऱ्याच्या नोकरीमुळे त्यांची बावीस वर्षं खडकीत गेली होती.

बायको गुपचूप आत गेली. सवयीने माझ्या तोंडून नेमका आकडाच गेला, "पंच्याहत्तर हजार."

"बघा," त्या हसल्या, "तुम्हाला वाटलो तितके काही आम्ही वाईट निघालो नाही. घ्या चहा, गार होतोय."

मी चहा घेतला. त्याला आता तीन वर्षं झाली. 'चुकलं' एवढं त्यांना मराठीत म्हणायचं अजून राहिलंच आहे.