नंदनवनचे काका बसले

“यायच्या लग्नात सप्तपदीच तेवढी धड झाली. बाकी सारा वेळ भटजी यायले धरून पाटावर बसवून राहिले होते,” काकू स्वयंपाकघरात शेजारणीला काकांबद्दल सांगत होत्या.

बाहेरच्या खोलीत, बंद पडलेल्या कॉम्प्युटरसमोर बसून मी ते ऐकलं आणि हसू दाबलं. काकू काही खोटं सांगत नव्हत्या. नंदनवनचे काका म्हणजे नंदनवन वस्तीत राहणारे, माझ्या वडिलांचे मावसभाऊ, आणि बसणं ही गोष्ट न जमलेला साऱ्या नागपुरातला एकमेव माणूस. ते जेवायचे उभ्यानं, पेपर वाचायचे अंगणात चालत, आणि दाढी करता करता फाटकाशी जाऊन, अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून, रस्त्यावरच्या माणसाशी बोलून यायचे. ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केली म्हणतात. ती कशी केली असेल याचं मला कोडं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातच वधू-वर सूचक मंडळ काढलं. त्यांच्या पायांना लोकांकडे जाण्यासाठी काही तरी निमित्त हवं होतं, असं काकू म्हणायच्या.

मुलगी बघण्याचे कार्यक्रम त्यांच्याच बाहेरच्या खोलीत व्हायचे. मोठी माणसं शेती, नोकरी, गोत्र यांवर बोलू लागली की काकांचा जीव कासावीस व्हायचा. ते उठून घड्याळाला किल्ली देत, कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतत, फोटोंच्या चौकटी सरळ करत. एकदा मुलाचे वडील फारच सावकाश बोलणारे निघाले. काकांनी शेवटी सगळ्या वडीलधाऱ्यांना “चला, तुमाले आमची लिंबोणी दाखवतो” म्हणून उठवून परसात नेलं आणि लिंबोणी संपल्यावर शेजाऱ्याचा पेरूही दाखवला. आत राहिलेल्या मुलाला आणि मुलीला तोवर निवांत बोलता आलं. ते लग्न जमलं. काका सांगायचे, “बसून लग्न जमत नाही, बापू. कोणाले तरी उठावंच लागते.”

कॉम्प्युटर त्यांनी आणला तो गांधीबागेतल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याकडून. त्यानं हौसेनं घेतला होता आणि कंटाळून ताग्यांच्या मागे टाकून दिला होता. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे मला कॉम्प्युटर येणारच, असं काकांनी ठरवलं, आणि खरं सांगायचं तर जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचून वाचून तो मला आलाही. मी कमी बोलायचे. काकांना ते फार सोयीचं होतं. ते खोलीत फेऱ्या मारत स्थळांची माहिती सांगत आणि मी टाइप करी. सगळी माहिती आत गेल्याबरोबर त्यांनी कागदाचे अर्ज रद्दीवाल्याला देऊन टाकले. मी नको म्हणणार होते, पण माझं वाक्य मनात जुळेपर्यंत रद्दीवाला कोपऱ्यावर पोचला होता. नकला करून ठेवलेल्या फ्लॉपींचा डबा काकांनी खिडकीत ठेवला आणि मे महिन्याच्या उन्हात त्या फ्लॉपी पापडासारख्या वाकल्या. तेव्हापासून ती सगळी माणसं त्या यंत्राच्या पोटातच होती, दुसरीकडे कुठेही नव्हती.

त्यांत मीही होते. आईनं काकांच्या कानावर घातलं, काकांनी फेऱ्या मारत माझी माहिती मलाच सांगितली आणि मी ती टाइप केली. उंची, रंग, शिक्षण. “स्वभाव शांत. बोलत नाही, असं लिही. लोकायले तेच पाहिजे असते,” ते म्हणाले. मी लिहिलं. तेव्हापासून दर थोड्या दिवसांनी कुणी ना कुणी मला बघून जात होतं आणि पोहे खाऊन माझ्या शांतपणाचं कौतुक करत होतं. मला पुढं शिकायचं होतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग काकांना वाटलं, आपल्याला एवढं उकडतं तर कॉम्प्युटरला किती उकडत असेल. त्यांनी कूलर ओढून त्याच्या पाठीशी लावला. दुपारभर बारीक तुषार उडत राहिले आणि संध्याकाळी वास आला. इंजिनिअर आला, मदरबोर्ड जळाला म्हणाला, पुष्कळ वाट पाहायला लावून काल नवा घेऊन आला आणि बसवून गेला. जाता जाता स्कूटरला किक मारत म्हणाला, डिस्कवरचं डॉस बिघडलंय, या फ्लॉपीवरून नवीन घालून घ्या, फॉरमॅट मारला की झालं. डॉस या मूळ प्रोग्रॅमवाचून कॉम्प्युटर नुसता चालू होतो, जागा होत नाही. आणि जागा होणं आजच गरजेचं होतं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात नर्स असलेली, नवरा वारलेली एक बाई दर रविवारी ड्यूटी संपवून यायची. कडेवर मुलगी असायची. दारातूनच विचारायची, “काही आलं काय, काका?” कॉम्प्युटर जळायच्या आदल्याच दिवशी तिच्यासाठी उमरेडच्या एका मास्तरांचं स्थळ आलं होतं. मास्तरांना ती मुलीसकट चालणार होती. त्यांचा पत्ता आत डिस्कवर होता आणि आज रविवार होता.

काकांना मात्र त्यात एक समारंभ दिसला. फॉरमॅट केलं की कॉम्प्युटर शेवटी डिस्कचं नाव विचारतो, हे त्यांनी पूर्वी पाहिलं होतं. “मदरबोर्ड नवा, म्हणजे याची आई नवी. मंग बारसं नको काय?” असं म्हणून त्यांनी काकूंना रात्रीच घुगऱ्यांचे हरभरे भिजत घालायला लावले होते. नाव ‘मंगला’ ठरलं होतं. काकूंच्या शेजारणींना पाचारण झालं होतं. पाळण्याचं गाणं म्हणावं की नाही, यावर आत वाद चालू होता.

मी फ्लॉपी घातली. मला वाटलं, आता काका अंगणात जातील आणि मी पुस्तकातलं पान शोधून नीट करीन. पण ते माझ्या मागेच उभे होते. माझ्या खांद्यावरून हात घालून त्यांनी एका बोटानं स्वतःच फॉरमॅटची आज्ञा टाइप केली. पडद्यावर इंग्रजीत इशारा आला: डिस्कवरचं सगळं नाहीसं होईल, पुढे जायचं का? काकांनी शेवटचा प्रश्न तेवढा वाचला.

“काहून विचारून राहिलं हे? पुढंच तर जायचं आहे,” म्हणून त्यांचं बोट ‘येस’मधल्या ‘वाय’च्या दिशेनं निघालं.

ते बोट पोचेपर्यंत किती गोष्टी मनात आल्या. सगळं जाईल. मी जाईन, माझी उंची, माझा रंग, माझा शांत स्वभाव, आणि मला काहीच करावं लागणार नाही. नेहमीसारखं गप्प बसायचं, एवढंच. मग कडेवरची ती मुलगी आठवली.

“थांबा, काका.”

आवाज माझाच होता, पण इतका मोठा की काकू हातात झारा घेऊन बाहेर आल्या. एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. मी सांगितलं की यानं सगळी माणसं पुसली जातील, डॉस घालायला ‘सिस’ नावाची वेगळी आज्ञा आहे, तिनं कुणाला धक्का लागत नाही, आणि नाव ठेवायलाही फॉरमॅट लागत नाही.

काकांनी बोट मागं घेतलं. पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मागची खुर्ची चाचपून तिच्यावर बसले. काकू झारा धरून तशाच उभ्या राहिल्या. “बरं वाटत नाही काय तुमाले?” त्यांनी हळूच विचारलं.

मी डॉस घातलं. कॉम्प्युटर जागा झाला. नावं एकामागून एक वर आली, सगळी होती. नर्स आली, तिला उमरेडचा पत्ता मिळाला. मुलीला ओंजळभर घुगऱ्या मिळाल्या. मंगलाचं बारसंही झालं, गाण्यासकट. काका या सगळ्यात बसूनच होते. बसलेले ते फार लहान दिसत होते, आणि पहिल्यांदाच मला त्यांचे केस किती पिकलेत ते दिसलं.

सगळे गेल्यावर ते म्हणाले, “बोलता येते की तुले.” खुर्ची माझ्याकडे सरकवून पुन्हा म्हणाले, “आणखी काही असंल तर सांगून टाक, पोरी. मी बसलो आहो तोवर.”

मी पडद्यावर माझं नाव काढलं. त्याच्यासमोर लिहिलं होतं, बोलत नाही.

“हे एक पुसते, काका,” मी म्हणाले. “मला शिकायचंय.”