गोदामातलं मंडळ

सातवीला इतिहास शिकवताना दख्खनच्या एका सुलतानाचा दरबारी इतिहासकार आला की माझं डोकं फिरायचं. हा गृहस्थ मेजवान्यांवर पानंच्या पानं खर्ची घालतो, ‘काळ वाईट आला, माणुसकी उरली नाही’ असे उसासे टाकतो, आणि शहराची विहीर कोणी खणली ते मात्र एका ओळीतही सांगत नाही. ‘भाट मेला!’ मी वर्गात म्हणायची. सौदीतल्या अल-खोबरमधली आमची मुलं हसायची. एकदा एक मुलगी म्हणाली, “मिस, उसकी नौकरी चली जाती ना.”

यंदा आमच्या मराठी मंडळाची पंचविशी. स्मरणिकेत ‘वाटचाल’ लिहायचं काम इतिहासाची बाई म्हणून माझ्याच गळ्यात पडलं. मी खरं ते लिहिलं. सुरुवातीला आम्हाला कोणी हॉल देईना, तेव्हा रत्नागिरीकडच्या एका चाचांनी आपलं किराण्याचं गोदाम दिलं. दिवाळीला ते तांदळाची पोती भिंतीला लावून सतरंज्या अंथरायचे आणि दारातून ओरडायचे, “यल्ला, चला, चाय निवतंय!” माझ्या मुलीचं पहिलं नाटक त्या पोत्यांपुढेच झालं.

चाचा आता कायमचे गावी निघाले होते. “माजा नाव छापलाव तर बायकोला दाकवीन,” ते मला म्हणाले होते. “तिला वाटता, मी हितं नुसती पोतीच उचलली.”

स्मरणिका छापून आली. अध्यक्षांचा फोटो पानभर. चाचांचं नाव नाही, गोदाम नाही. ‘एका हितचिंतकाच्या जागेत मंडळाची सुरुवात झाली.’ आणि खाली ठळक अक्षरांत माझं नाव!

मी अध्यक्षांना फोन लावला.

“वहिनी, मोठे पाहुणे येणार. किराण्याच्या गोदामात सुरुवात झाली, हे बरं दिसतं का?”

“मग कुठे झाली? राजवाड्यात?”

“शिवाय बाहेरच्या माणसाचं नाव कशाला? आता छापलंय, खलास.”

बाहेरचा माणूस! ज्याच्या स्टोव्हवर या अध्यक्षाचा इथला पहिला चहा उकळला, तो बाहेरचा! मी फोन आपटला. त्या इतिहासकाराच्या बोकांडीही असाच कोणी अध्यक्ष बसला असेल, हे पहिल्यांदाच सुचलं. त्याने राग कमी झाला नाही, दुप्पट झाला.

मी काही करायच्या आतच चाचा आपली प्रत घ्यायला घरी आले. सोफ्याच्या कडेला बसून, ओळीखाली बोट फिरवत त्यांनी सगळं वाचलं. मग परत पहिल्या पानावर गेले.

“झकास लिवलाव, बाई,” ते म्हणाले. “पन ह्यो हितचिंतक कोन? जागा तर माजी व्हती.”