साडूंच्या ओट्यावरचा स्कॅनर

जे माझ्या साडूंना ठाऊक नाही ते जगात अजून घडलेलंच नाही, असं माझ्या सासुरवाडीत मानतात. जगाचं मला माहीत नाही, पण आमच्या डब्लिनपुरतं, म्हणजे ओहायोतल्या, कोलंबसला चिकटलेल्या डब्लिनपुरतं, ते खरं आहे. कुठल्या रस्त्यावर हरणाला गाडी धडकली, कुठल्या शाळेत फायर अलार्म उगाचच वाजला, कुठल्या पुलाखाली पाणी साचलं, हे सगळं त्यांना बसल्या जागी कळतं. कारण त्यांच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर, मिक्सर आणि कणकेचा डबा यांच्या मधोमध, एक स्कॅनर आहे. पोलीस, फायर ब्रिगेड आणि अँब्युलन्सवाले आपसात वायरलेसवर जे बोलतात ते ऐकवणारा हा एक रेडिओ. तो घरी बसून ऐकणं इथे गुन्हा नाही, हे मी पहिल्याच महिन्यात गुपचूप शोधून पाहिलं होतं. गुन्हा असता तर मला फार बरं वाटलं असतं. मला साडूंचा हेवा वाटतो, आणि तो गेली दहा-बारा वर्षं वाटतो आहे. हे एकदा सरळ सांगून टाकलं की पुढचं लिहायला सोपं जाईल.

साडू मूळचे नागपूरचे, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, एका इन्शुरन्स कंपनीत डेटाबेस सांभाळतात. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. त्यांची बायको मोठी, म्हणून तिला मी आणि माझी बायको दोघंही ताई म्हणतो. दोन बहिणी एकाच गावात आल्या की त्यांना आनंद होतो आणि त्यांच्या नवऱ्यांची तुलना सुरू होते. तसं पाहिलं तर हुद्दा माझा मोठा, घर माझं मोठं, गवतही माझं जास्त हिरवं. पण घरात काहीही झालं की माझी बायको आधी त्यांना फोन करते. बेसमेंटमध्ये पाणी शिरलं तेव्हा मी बेसमेंटमध्येच उभा होतो, घोट्यापर्यंत पाण्यात. ती वरून फोनवर म्हणत होती, "भाऊजी, काय करायचं हो आता?"

हा स्कॅनर त्यांनी कसा निवडला ही आमच्याकडे सांगितली जाणारी कथा आहे. आठ महिने लागले. मुलीला स्थळं पाहताना लोक जेवढी चौकशी करणार नाहीत तेवढी त्यांनी त्या यंत्रांची केली. एक्सेल शीट केली, तिच्यात सतरा रकाने. बॅटरी किती टिकते, अक्षरं चष्म्याशिवाय वाचता येतात का, बटणं ओल्या हातानं दाबता येतात का. आमच्या भागात दोन-तीन टॉवर एकच बोलणं एकदम पाठवतात आणि साध्या यंत्रात त्याची खिचडी होते, म्हणून ती खिचडी निवडून देणारं यंत्र कोणतं, यासाठी वेगळा रकाना. जुन्या वायरलेस सामानाचा बाजार भरतो, तिथे ते मेथीचे पराठे घेऊन गेले आणि पँटला गॅलस लावलेल्या सत्तरीच्या अमेरिकन म्हाताऱ्यांमध्ये दिवसभर बसले. त्यातला एक म्हातारा अजून त्यांना नाताळचं कार्ड पाठवतो. मला माझा मॅनेजरसुद्धा पाठवत नाही.

यंत्र आलं आणि साडू बदलले. वायरलेसवर पत्ता नेहमी दोनदा सांगतात, चुकू नये म्हणून. तर हेही जेवताना दोनदा बोलू लागले. "भाजी वाढ. भाजी." ताई शांतपणे वाढते, एकदाच. दर बुधवारी दुपारी बाराला इथे वादळाच्या भोंग्याची चाचणी होते, तेव्हा ते ऑफिसमधून बाहेर येऊन घड्याळ बघतात आणि भोंगा वेळेवर वाजला तर मान डोलावतात, जणू काही त्यांच्याच हाताखालचं खातं आहे. सत्यनारायणाच्या पूजेत पाचव्या अध्यायापर्यंत त्यांच्या डाव्या कानात इअरफोन असतो. आणि निघताना दारात जो आपला मराठी निरोप चालतो, चपला घालून पाऊण तास, त्यात ते प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र रस्ता सांगतात. "तुम्ही दोनशे सत्तरच्या हायवेनं जाऊ नका, ट्रक आडवा आहे. आतून जा. आतून." एकदा माझ्या घरी असंच चाललं असताना मी फोनवरचा नकाशा उघडून म्हणालो, "इथे तर रस्ता हिरवा दाखवतोय." सगळ्यांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं आणि आतून गेले. वीस मिनिटांनी नकाशा लाल झाला. तो लाल रंग मी झोपेपर्यंत बघत होतो.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे ते बातमी पुरी देत नाहीत. रस्ता, पाणी, झाड पडणं, हे सांगतात. पण कुणाच्या घरी अँब्युलन्स बोलावली असेल तर हात लांब करून स्कॅनरचा आवाज बारीक करतात. "कोणाकडे हो?" मी विचारतो. "एका घरी," ते म्हणतात. मी म्हटलं, अहो, आपल्या ओळखीतलं कोणी असलं तर? त्यावर म्हणाले, "मग फोन येईलच ना, राजे. नाही आला तर आपण कशाला ऐकायचं?" असं काहीतरी ते बोलले की माझ्या बायकोच्या डोळ्यांत जे कौतुक येतं ते मला बघवत नाही.

शेवटी मीही एक स्कॅनर घेतला. साडूंना न विचारता. विचारलं असतं तर तिथेच हरलो नसतो का? इंटरनेटवर जुना, भलामोठा, लांब अँटेनाचा मिळाला. दिसायला साडूंच्यापेक्षा दुप्पट रुबाबदार. आठवडाभर मी बेसमेंटमध्ये त्याची बटणं दाबत होतो, आणि अखेर एक बाई बोलताना सापडली. बावीस नंबरची गाडी अडकलीय, चौदा नंबर मदतीला जातेय, मुलं सुखरूप आहेत. मी धावत वर आलो. त्या दिवशी आमच्याकडे गणपतीची आरती होती, पंचवीस माणसं होती, आणि त्यांच्या मध्ये उभं राहून मी मोठ्या आवाजात ती बातमी दिली. माझी लेक तेव्हा सतरा वर्षांची होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, दॅट्स द स्कूल बस." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. लोक हसले त्याचं एवढं नाही. साडू हसले नाहीत. खाली येऊन त्यांनी माझं यंत्र हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "ॲनालॉग आहे. आपली काउंटी सगळी डिजिटल झाली, ती ह्याच्यावर येणार नाही. पण विमानं छान येतील. विमानं." मला विमानं नको होती.

आता लेकीचं सांगायलाच हवं, कारण खरं दुखणं तिथेच आहे. ती सहावीत असल्यापासून शाळेची बस तिला ताईकडे सोडायची. आम्ही दोघंही नोकरीवर. ताई घरी असायची आणि साडू सकाळी लवकर जाऊन चारला परत यायचे. साडूंना मूलबाळ नाही. आमच्या घरात हे कोणी बोलत नाही, म्हणून मीही एकदाच लिहितो. तर ही दोघं संध्याकाळी ओट्यापाशी बसायची, ही होमवर्क घेऊन आणि ते भाजी निवडत, आणि मध्ये तो स्कॅनर. भिंतीवर त्यांनी काउंटीचा कागदी नकाशा लावला होता. पत्ता आला की ही शोधायची, गाडी कुठल्या स्टेशनातून निघेल ते सांगायची, आणि तसंच झालं की साडू तिच्या पुढ्यात एक बेसनाचा लाडू ठेवायचे. मी साडेसहाला घ्यायला जायचो तेव्हा ती म्हणायची, "बाबा, फाइव्ह मिनिट्स, दे आर स्टिल ऑन द सीन." आणि मी गाडीत बसून ऑफिसच्या मीटिंगा ऐकायचो. तेवढी एक गोष्ट मला ऐकता येत होती.

कॉलेज झालं, सायकॉलॉजीची डिग्री घेतली, आणि एक दिवस तिनं सांगितलं की ती नाइन-वन-वनच्या केंद्रात लागली. डिस्पॅचर, म्हणजे मदतीसाठी आलेले फोन घेऊन वायरलेसवर गाड्या पाठवणारी. मी म्हणालो ते मला शब्दशः आठवतंय, कारण ते मागे घ्यायची संधी मला आजवर मिळालेली नाही. मी म्हणालो, "चार वर्षं शिकून फोन उचलायचे?" ती चिडली नाही. म्हणाली, "बाबा, समबडी हॅज टु पिक अप." आणि पुढच्या महिन्यात कामाच्या जवळ अपार्टमेंट घेऊन राहायला गेली. त्यानंतर आमचं फोनवरचं बोलणं, जेवलीस का, हो, थंडी आहे का, हो, एवढ्यावर आलं. शनिवारी दिवसाची शिफ्ट संपली की ती मावशीकडे जेवायला जायची. मावशीकडे म्हणजे ओट्यापाशी. हे सगळं त्या यंत्रामुळे झालं असं मी बायकोला म्हणायचो. ती म्हणायची, यंत्रामुळे नाही.

या हिवाळ्यात एका शनिवारी दुपारी ताईचा कुकर परत करायला मी तिकडे गेलो. साडू एकटेच होते, वाटाणे सोलत. स्कॅनर चालू होता. कोणीतरी बाई बोलत होती: पत्ता, पुन्हा पत्ता, वयस्कर माणूस, श्वासाचा त्रास, अमुक गाडीनं निघावं. कुठे घाई नाही, कुठे चढ-उतार नाही. बर्फात अडकलेल्या गाडीवाल्यानं वैतागून काही विचारलं, तर तिनं त्यालाही तेवढ्याच शांतपणे दुसरा रस्ता सांगितला. मला कधी नव्हे ते मनापासून कौतुक वाटलं. मी म्हणालो, "ही बाई चांगली आहे हो. अनुभवी दिसते."

साडूंचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाटाण्यांकडे बघत ते म्हणाले, "अहो, आपलीच आहे ती."

तोंडात मारल्यासारखं झालं. यंत्रातून आवाज थोडा चपटा येतो, ती तिथे अस्सल अमेरिकन बोलते, हे सगळं मी स्वतःला सांगितलं. पण ह्यांनी तर ओळखला होता. माझ्या पोरीचा आवाज ते दर शनिवारी वाटाणे सोलत ऐकत होते आणि मला तो परका वाटला. इतका हेवा मला त्यांचा आधी कधी वाटला नव्हता. वाटाण्यांचं ताट उचलून सिंकमध्ये फेकावंसं वाटलं.

त्याऐवजी मी म्हणालो, "मला एक स्कॅनर निवडून द्या."

"कशाला? शनिवारी इकडे येत जा की. दोघं ऐकू."

"नको," मी म्हणालो. "मला माझ्या घरी ऐकायचंय."

त्यांनी हातातली शेंग सोलून वाटाणे ताटात टाकले. माझ्या मनात काय आहे ते त्यांना कळलं असणार. मग म्हणाले, "बरं. घाई करू नका मात्र."

तीन आठवडे घेतले त्यांनी. रोज फोन. यंत्र कुठे ठेवणार? खिडकी कुठल्या बाजूला? फ्रीज किती लांब? मी वैतागून म्हटलं, अहो, तुमच्यासारखाच एक सांगा, मी घेतो. तर म्हणाले, "माझा आता जुना झाला. ती खालच्या आवाजात बोलते तेव्हा शेवटचा शब्द खातो. तुम्ही ह्याच्या पुढचा घ्या." तो आला तेव्हा स्वतः येऊन बसवला, आमच्या ओट्यावर, बायकोला चार वेळा जागा बदलायला लावून. तिच्या केंद्राची नेमकी कोणती बोलणी ऐकायची ते भरून दिलं, बाकीची गप्प केली. चहा न घेता गेले.

चौथ्या शनिवारी मला तिचा घसा बसल्यासारखा वाटला. मला, आपलं आपल्याला. शिफ्ट संपल्यावर मी फोन केला आणि विचारलं. ती म्हणाली, "काका टोल्ड यू, राइट?"

"नाही. मी ऐकलं."

मग मराठीत म्हणाली, "कधीपासून ऐकतोयस तू?" मी सांगितलं. ती म्हणाली, "ओके," आणि मग, "मी येऊ का तिकडे? आईला म्हणावं, आमटी गरम कर." त्या दिवसापासून ती शनिवारी आमच्याकडे येते. दमलेली असते, फार बोलत नाही, पण येते.

मागच्या रविवारी मी आणि बायको ताईकडे गेलो. साडू नेहमीच्या जागी, स्कॅनर नेहमीच्या जागी. त्यांनी मला रस्त्यांबद्दल सांगितलं, नदीच्या पाण्याबद्दल सांगितलं. मग बायका आत गेल्यावर त्यांनी स्कॅनरचा आवाज बारीक केला आणि विचारलं, "काल फार दमली होती. जेवली का हो नीट?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेली ही पहिली बातमी. या क्षणासाठी मी काय काय केलं होतं, आणि आता तो आला तर मला त्याचं काही सुख होईना. मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. दोन पोळ्या खाल्ल्या, आमटी वाटीनं प्यायली, भात नको म्हणाली, मग सोफ्यावरच झोपली. बायकोनं तिच्यावर चादर घातली. कोणती, तेही सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत होते, एक शब्दही सुटू नये असे, आणि माझं संपल्यावर म्हणाले, "भात नको म्हणाली?"

"नको म्हणाली," मी सांगितलं.