सातकिनच्या टोप्या

तुमचा कॉम्प्युटर उद्या सकाळी उठलाच नाही, तर त्यातलं तुमचं नेमकं काय काय जाईल, हे तुम्हाला आत्ता सांगता येईल? सिस्टीम सी ड्राइव्हमध्ये, आपलं सगळं डीमध्ये, म्हणून निर्धास्त आहात ना? इकडे डोंगरात, नारीन गावात सगळेच असे निर्धास्त असतात. सातकिन तेवढी नव्हती, आणि तरीही तिच्यावर ती वेळ आली.

सातकिन कबरींच्या दगडांवर चेहरे काढते. नवरा एशिम दगड कापतो, घासतो. ती फोटो घेऊन कॉम्प्युटरशी बसते, आणि मग मशीनची सुई टकटक करत काळ्या दगडावर माणूस उठवते. कबरीवर चेहरे नसावेत म्हणून मुल्ला कुरकुरतो. त्याच्या सासऱ्याचा चेहरा तिनंच काढलाय, पण ते असो.

लोक फोटो आणतात तो पासपोर्टचा, नाहीतर कुणाच्या तरी लग्नात मागच्या रांगेत उभा असलेला. उघड्या डोक्याचा. आणि म्हणतात, टोपी घाला. बाप कलपाकशिवाय कबरीवर कसा दिसेल! म्हणून तिनं टोप्यांचा साठा केला होता. उंच कलपाक, काळ्या काठाचे, वापरून मऊ पडलेले, आजीबायांचे पांढरे फेटे, जुनी पदकं. कुठल्या दगडावर सुई किती जोरात, डोळ्यांवर किती हलकी, हे तिनं कितीतरी दगड वाया घालवून बसवलेलं. हे सगळं सीमध्ये, मशीनच्या प्रोग्रॅमच्या पोटात. प्रोग्रॅमला दुसरीकडे काही ठेवताच येत नव्हतं.

शनिवारी आसिलकान आपांच्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध, म्हणजे आश होता. जेवणासाठी कापायचा घोडा ठरला होता, पाहुण्यांना निरोप गेले होते, दगड घासून तयार होता. फोटो मात्र गवतकापणीच्या घोळक्यातला, चेहरा चवळीच्या दाण्याएवढा. म्हातारीला शेजारी बसवून, "नाक असं नव्हतं गं", "भुवई जरा खाली" असं ऐकत सातकिननं तो कित्येक आठवडे घडवला होता. आणि गुरुवारी सकाळी कॉम्प्युटरनं निळा पडदा दाखवला आणि बसला तो बसलाच.

"मेलिसला बोलावतो," एशिम म्हणाला.

मेलिस एशिमच्या बहिणीचा मुलगा. चाळिशीला टेकलेला, बँकेत कॉम्प्युटर बघणारा. इकडे भाच्याला मामाच्या घरातली एखादी वस्तू आवडली की ती त्याची, मामानं हूं की चूं करायचं नाही. या हक्कानं मेलिसनं आजवर एक खोगीर, एक बकरा आणि भिंतीवरचं घड्याळ नेलेलं.

"मामी, चहा टाक. चहा होईपर्यंत फॉरमॅट मारून नवी सिस्टीम टाकतो."

"हात मागे घे! आधी सगळं बाहेर काढायचं."

"डीमध्ये आहे ना?"

"चेहरा डीमध्ये. टोप्या आणि सुईचा जोर सीमध्ये. सी पुसलास तर सगळे म्हातारे बोडके होतील."

"टोप्या काय, इंटरनेटवर हव्या तेवढ्या मिळतात."

"तुझ्या कबरीवर घालीन हं मी इंटरनेटवरची. मेक्सिकोची, मोठ्या काठाची." ती नवऱ्याकडे वळली. "फळीवरची काळी हार्ड डिस्क काढ. तीत सगळ्याची एक प्रत आहेच."

एशिम छताकडे बघू लागला.

"काढ की!"

"ती... मेलिसला आवडली."

"कधी?"

"नौरोझच्या सणाला आला होता ना, तेव्हा. भाचा आहे तो, सातकिन!"

"आणि आत काय होतं?"

"डबी होती, काळी. आतलं मला काय ठाऊक!"

मेलिस खाली मान घालून म्हणाला, "मी ती रिकामी करून कोक-बोरूचे, आपल्या घोड्यांवरच्या खेळाचे सामने भरले, मामी. घोडे फार छान दिसतात त्यात."

सातकिन खालीच बसली. म्हणजे म्हाताऱ्याचा चेहरा आता जगात एकाच ठिकाणी होता, या बंद पडलेल्या डब्यात.

"जा. घेऊन ये ती डिस्क. सगळं काढून ठेवायला दुसरी जागा नाही."

"भाच्यानं नेलेलं परत मागतेस?" एशिम ओरडला. "गावात तोंड दाखवायला जागा राहील?"

"शनिवारी कोऱ्या दगडाशेजारी उभा राहून दाखव तोंड!"

मेलिस लाल झाला. "परत आणली असं आईला कळलं तर ती मला घरात घेणार नाही."

सातकिननं डोळे मिटून दात आवळले. "परत नकोय मला. तुझीच आहे. तू पाहुणा म्हणून ये, तुझी डिस्क बरोबर आण, काम झालं की तुझी तू घेऊन जा. फक्त सामने पूस."

"त्यात फायनल आहे, मामी!"

"कोण जिंकलं माहीत आहे ना? मग!"

डिस्क आली. मेलिसनं पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर उठवला, आतल्या डिस्कला धक्का न लावता डी कॉपी केला आणि चहाबरोबरच्या तळलेल्या बोरसोककडे हात नेला.

"सी," सातकिननं बजावलं.

"सीमध्ये कचरा असतो गं."

"तो कचरा आधी. लपवलेले फोल्डरसुद्धा. बोरसोक पळून नाही जात."

कॉपी झाली तरी तिनं त्याला फॉरमॅट मारू दिला नाही. त्याच्या लॅपटॉपवर डिस्क लावून चेहरा उघडला, टोप्या एकेक पाहिल्या, मग "हं" म्हणाली. नवी सिस्टीम चढली. मशीनचा प्रोग्रॅम टाकला, उघडला, तर टोप्यांचा कप्पा रिकामा! एशिमनं डोकं धरलं. "रडू नकोस, नवा आहे तो, त्याला काय माहीत," म्हणत तिनं जुना फोल्डर उचलून नव्यावर ठेवला. परत उघडला. टोप्या आल्या. सुईचा जोर आला. तरी तिचा विश्वास बसेना. फुटक्या दगडावर नुसते डोळे काढून पाहिले, तेव्हा कुठे तिनं चहा घेतला. तोपर्यंत तो गार झाला होता, त्यावरूनही एशिमला दोन शब्द ऐकावे लागले.

शुक्रवारी आसिलकान आपा आल्या. पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"टोपी मागे सरकव थोडी. घाम आला की तो मागे ढकलायचा."

सातकिननं टोपी मागे सरकवली. कपाळ उघडं पडलं. आपांनी रुमालाची गाठ घट्ट केली आणि म्हणाल्या, "आता सुई चालू कर."

मेलिस डिस्क घेऊन गेला. जाताना एशिमचा नवा चाकूही त्याला आवडला.

आता माझं ऐका. "आण इकडे, पटकन करून देतो" म्हणणाऱ्या नातेवाइकाच्या हाती माउस देण्याआधी, तुम्ही स्वतः घडवलेली एकेक गोष्ट तुमच्या मशीनमध्ये कुठे राहते ते शोधा, तिची प्रत काढा, ती उघडून बघा, आणि भाच्यांची नजर जाणार नाही अशा जागी ठेवा. उद्यावर टाकू नका. उठा, आत्ता करा.