पोटरीचे माप

डॉक्टरांनी मला विचारले नाही. त्यांनी परिचारिकेला खूण केली आणि तिने माझी साडी गुडघ्यापर्यंत वर सारली. पलंगाभोवती पाच शिकाऊ डॉक्टर उभे होते. त्यांतले दोन मुलगे अगदी पायाशी. एकाहत्तर वर्षांत माझी उघडी पोटरी परक्या पुरुषाने पाहिली नव्हती.

टेप गुंडाळली गेली. "सत्ताईस सेंटीमीटर," एकजण म्हणाला. पाचांनी वहीत लिहून घेतले.

"फेफड़े की पुरानी बीमारी में मसल ऐसे गलता है. ऐसा केस रोज नहीं मिलता." डॉक्टरांचे बोट माझ्या कानशिलाच्या खळग्यावरून खांद्याच्या हाडावर आले. मग माझ्याकडे न पाहता प्रश्न : "बीडी पीती थीं, माताजी?"

मी वडिलांसमोर बसून शब्दरूपे आणि स्तोत्रे मुखोद्गत केली. छत्तीस वर्षे मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवले. बडा गणपती मंदिराजवळच्या सासरघरी, बिनखिडकीच्या खोलीत, वीस वर्षे लाकडांच्या चुलीवर सोवळ्याचा स्वयंपाक केला. छातीतला धूर तिथला. हे सांगण्यासाठी तोंड उघडले, तोवर हातात मूठ आवळण्याचे यंत्र आले होते.

काटा जेमतेम हलला.

"आरती की घंटी कैसे हिलाती हो, माताजी?"

मुले हसली.

मग खुर्ची. हात छातीवर बांधून पाच वेळा उठायचे, पाच वेळा बसायचे. दोनदा उठले. तिसऱ्या वेळी हात आपोआप खुर्चीच्या दांडीकडे गेला. "चीटिंग नहीं!" पुन्हा हशा. मला धाप लागली होती. माझी सून भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत राहिली.

"उमर है. आराम करो, भजन करो," डॉक्टर म्हणाले आणि कागद सुनेच्या हाती दिला.

बाहेर फिजिओथेरपीची एक मराठी मुलगी भेटली. माझी चाल पाहून तिनेच कागद मागितला. उलटसुलट करून पाहिला.

"आजी, मापं घेतली ना तुमची? मग इथे काहीच कसं नाही?"

"मुलांच्या वह्यांत आहेत."

तिने कागद माझ्या हाती परत दिला. मग हलक्या आवाजात म्हणाली, "मापं घेतात ती उपचार ठरवायला. गेलेली ताकद सगळी नाही, पण थोडी परत येते. खाली व्यायामाचा वर्ग आहे. पण सरांनी लिहिल्याशिवाय मी तुम्हाला घेऊ शकत नाही. जेवता किती वेळा?"

"एकदा. माझे एकभुक्त आहे."

"कधीपासून?"

मी मनात मागे मोजत गेले. जेवले की श्वास कोंडू लागला, तेव्हापासून. धाप आधी आली, व्रत मागाहून. जे जमत नव्हते त्याला मी संकल्पाचे नाव दिले. नातलग पाया पडत. म्हणत, "मावशी, तपाने काय तेज आलंय हो चेहऱ्यावर!" आणि मी प्रसन्न होऊन आशीर्वाद देत असे. देह झिजत होता आणि मी त्या झिजण्याचे पूजन करून घेत होते. देवाने हे कधी मागितले नव्हते. त्याच्या नावावर मी खोटे बोलले. चांगली चार वर्षे.

मी वळले.

"आई, चला ना आता," सुनेने कोपर धरले. "डॉक्टरसाहेब नाराज झाले तर पुढे दाखवायचं कुठे?"

तिची भीती खरी होती. तरीही मी कोपर सोडवून घेतले. दार ढकलून आत गेले आणि त्याच खुर्चीत बसले.

"अम्माजी, बाहर लाइन लगी है," डॉक्टर म्हणाले.

"मैं भी उसी लाइन से आई हूँ. आपने मेरा पैर नापा, मेरी मुट्ठी नापी. वो मेरे कागज पर लिखिए. और नीचे की क्लास भी."

"इस उमर में क्लास करके क्या होगा?"

"आप लिखिए. क्या होगा, वो मैं देखूँगी."

मुलांपैकी कोणी हसले नाही. डॉक्टरांनी एका वहीतून आकडे उतरवून घेतले, सही केली आणि कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला. क्षमा मागितली नाही. मी ती अपेक्षिलीही नव्हती.

त्याच संध्याकाळी देवापुढे पाणी सोडून मी एकभुक्त मोडले. मुगाचे वरण, दूध, पनीर. थोडे थोडे, पाच वेळा. घास गिळताना जीव घाबरतो, तरी गिळते. कोणी तेज म्हणाले तर सांगते, हा रोग आहे, पाया पडू नका. काहींनी येणे सोडले.

तीन महिन्यांनी पुन्हा मापे घेतील. आकडा कदाचित हलणारही नाही. पण तो माझ्या कागदावर लिहिला जाईल. आणि माझ्या पायाला हात लावण्याआधी जो मला विचारणार नाही, त्याचा हात मी स्वतः दूर सारीन. मूठ आवळण्याइतके बळ नसले, तरी तेवढे आहे.