साडभाऊंची चान्यांची पेटी

मे महिन्याच्या नागपुरात एखादी वस्तू वाळवायला मशीन लागते, असं मानणारा माणूस सबंध विदर्भात एकच आहे, आणि तो माझा साडभाऊ आहे. ज्या गावात धुतलेला शर्ट दोरीपर्यंत नेता नेता हातातच वाळतो, जिथे दुपारी एक वाजता कुत्रंसुद्धा सावली बदलायची तर आधी दोनदा विचार करतं, त्या गावात या गृहस्थानं दीड महिना खपून मटण वाळवायची पेटी तयार केली. आणि एका दुपारी ती पेटी ज्यानं पाण्यात घातली, तो मी. मी बावीस वर्षं आठवीच्या वर्गाला बाष्पीभवन शिकवतो आहे.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात ते मेंटेनन्सचं काम बघतात, त्यामुळे जगात फेकून देण्यासारखं काही असतं यावर त्यांचा विश्वास नाही. कानावर सुताराची चपटी पेन्सिल, खिशात टेप आणि पिशवीत ती बुडबुड्याची लेव्हलपट्टी, एवढा शृंगार केल्याशिवाय ते लग्नालाही निघत नाहीत. आमच्या नव्या घरात पहिल्यांदा बुद्धवंदना ठेवली तेव्हा सगळे डोळे मिटून, हात जोडून बसले होते. यांनी हळूच पट्टी फरशीवर ठेवली, बुडबुडा न्याहाळला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सर, तुमचा हॉल नैर्ऋत्येले चार एमएम उतरून राहिला." त्या दिवसापासून मी सोफ्यावर बसलो की आपण नैर्ऋत्येला घरंगळतो आहोत असं वाटतं. बायको म्हणते, ते पोट आहे.

डिझाइन काढायला त्यांना कोरा कागद चालत नाही, लग्नपत्रिकेची पाठकोरी बाजूच लागते. एकदा ताईंच्या सख्ख्या मामेबहिणीच्या पत्रिकेवर त्यांनी शिडीचं डिझाइन काढलं आणि ती पत्रिका वेल्डरकडे दिली. तारीख अर्थातच वेल्डरकडे राहिली. हे दोघं लग्नाला पोहोचले ते दुसऱ्या दिवशी. मांडव सोडणाऱ्या माणसांना गाठी कशा लवकर सुटतात ते दाखवून साडभाऊ समाधानानं परत आले. शिवाय त्यांची कोणतीही गोष्ट कधी पूर्ण होत नाही. तिची ट्रायल चालू असते. ताईंना मी एकदा सहज विचारलं, "काय ताई, कसं चाललंय?" ताईंनी तोंड उघडायच्या आत आतल्या खोलीतून उत्तर आलं, "ट्रायल चालू हाय." लग्नाला तेव्हा एकतीस वर्षं झाली होती.

पेटीची भानगड मात्र गमतीतून सुरू झाली नाही. साडभाऊंची माय त्यांच्याकडेच असते. ऐंशी कधीच ओलांडली आहे, कान तिखट आहेत, जीभ त्याहून तिखट. पण या वर्षी तिचं जेवण सुटलं. भाताचे दोन घास घ्यायची आणि ताट सरकवायची. डॉक्टर झाले, टॉनिक झालं, सून झाली, लेक झाला. मार्चमध्ये एके दिवशी ताट सरकवताना ती म्हणाली, "चान्या असत्या तं खाल्ल्या असत्या."

चान्या म्हणजे मटणाच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळायची, दोरीवर उन्हात कडक वाळवायच्या आणि मग वर्षभर कधीही निखाऱ्यावर भाजून खायच्या. साडभाऊंच्या पेटीतलं जनावर बकरा होतं. मायच्या काळी कोणतं असायचं ते माय खुशाल सांगते, मी लिहीत नाही; मला नोकरी आहे. आमच्या घरीही आजी चान्या करायची. मी शिक्षक झाल्यावर स्टाफरूममध्ये 'आम्ही मुळात फार भाजीवाले' असं सांगत फिरलो, त्यामुळे या प्रकरणात मी कुणाला नावं ठेवायच्या लायकीचा नाही.

मायचं ते वाक्य ऐकून साडभाऊ हातातला घास हातात धरून बसले. का, ते त्यांनी मला नंतर सांगितलं, पाचव्या पत्रिकेवर पेटीचं पाचवं डिझाइन काढता काढता, मान वर न करता. सहावीत असताना वर्गातला एक मुलगा पहिल्यांदा त्यांच्या घरी आला. अंगणात दोरीवर चान्या टांगलेल्या. मुलानं विचारलं, हे काय आहे? साडभाऊ म्हणाले, चपलेच्या वाद्या आहेत. मुलाला पटलं. पण दाराच्या आत माय उभी होती. "काही बोलली नाही, सर. संध्याकाळी दोरी सोडली. मंग कधीच नाही बांधली. आता कुठं पहिल्यांदा तिनं नाव काढलं." एवढं बोलून त्यांनी डिझाइनमधला स्क्रू पाच एमएमचा सहा एमएम केला. म्हणजे प्रश्न मटणाचा नव्हताच. मायनं एकदा चानी खाऊन 'हो, हेच' म्हणावं, एवढं त्या माणसाला हवं होतं, आणि मायचं वय बघता ट्रायल फार लांबवता येणार नव्हती.

आता मे महिना आहे, गच्ची आहे, दोरी बांधायला कितीसा वेळ लागतो? पण साडभाऊ राहतात फ्लॅट स्कीममध्ये. गच्ची सगळ्यांची, आणि सेक्रेटरींनी फ्लॅट घेतानाच हसत हसत विचारलं होतं, "तुमच्याकडे रोज तर नाही ना बनत?" त्यामुळे वाळवण झालं पाहिजे, पण कुणाला दिसता कामा नये आणि वास तर मुळीच येता कामा नये, अशी इंजिनिअरिंगची अट पडली. कबाड्याकडून जुन्या कूलरचा पत्र्याचा डबा आणला. आत मटण टांगायला सायकलच्या आऱ्यांचे आकडे केले. गोदामातला लहान पंखा उलटा बसवला, टाकीच्या वर ऊब द्यायला बल्ब लावला, मुंगीही शिरणार नाही अशी बारीक जाळी मारली. पंख्यापुढे नारळाच्या करवंटीचा कोळसा ताईंच्या उशीच्या अभ्र्यात भरून टांगला, वास पिऊन टाकायला. नंतर ताईंना जिन्यात उभं करून विचारलं, "काय येते?" ताई म्हणाल्या, "फिनाईलचा वास." साडभाऊ म्हणाले, "पास." आणि शेवटी, कुणाला शंकाच नको म्हणून, बाहेरच्या तिन्ही बाजूंना कूलरला असतात तशा गवताच्या नव्याकोऱ्या ताट्या ठोकल्या. गॅलरीत ठेवल्यावर ती पेटी जगातल्या कोणत्याही कूलरपेक्षा जास्त कूलर दिसायला लागली.

मी ती पाहिली नव्हती. मी पाहिल्या होत्या अकरा लग्नपत्रिका, आणि त्यावरून माझ्या मनात एक कपाटासारखं काहीतरी उभं होतं.

त्या रविवारी दोन्ही बहिणी आणि साडभाऊ कन्हानला एका लग्नाला गेले. मायजवळ बसायला मला ठेवलं. निघताना साडभाऊ म्हणाले, "सर, पेटीकडे लक्ष ठेवजा. तिसरा दिवस हाय, उद्या निघते." मी म्हटलं, "निश्चिंत जा." माय झोपली होती. मी घरभर पेटी शोधली, सापडली नाही. मलाच सापडत नाही ती पेटी दुसरं कोण नेणार, अशी खात्री करून मी गॅलरीत आलो. पाहतो तर समोर कूलर, आणि त्याच्या ताट्या कोरड्या ठणठणीत! मे महिना, दुपारचे बारा, आत म्हातारं माणूस, आणि कूलर कोरडा! नागपुरात जन्मलेल्या माणसाच्या हाताला अशा वेळी डोक्याची परवानगी लागत नाही. मी नळाला पाइप लावला. तिन्ही ताट्या वरून खालून चिंब केल्या. टाकी काठोकाठ भरली. आत पाणी सगळीकडे पोहोचावं म्हणून वरचं झाकण किंचित उचलून दोन बादल्या आणखी ओतल्या, साडभाऊंनी परत आल्यावर म्हणावं, की याला म्हणतात जबाबदार माणूस. निघताना कुणीतरी बंद केलेलं बटण दाबलं, समोर खुर्ची टाकली आणि पेपर उघडला. हवा गार येत नव्हती, उलट आत ओढली जात होती. हळदीचा मंद वास येत होता. मला वाटलं, ताट्याच आयुर्वेदिक असतील. मग डोळा लागला.

जाग आली तेव्हा साडभाऊ समोर उभे होते. त्यांनी पेटीचं दार उघडलं. भळाभळा पाणी आलं आणि त्यामागून चान्या दिसल्या, आंघोळ घातलेल्या. मला वाटलं, आता शिव्या. पण ते एक चानी पिळत म्हणाले, "सर, तुम्ही आठवीले काय शिकवता?"

"बाष्पीभवन," मी म्हटलं.

"पोट्टे पास होते?"

तेवढ्यात आतून काठी टेकत माय आली. तिनं पेटीत वाकून पाहिलं, अभ्रा दाबून पाहिला, बल्बकडे पाहिलं. "हे कायचं घर हाय गा?" साडभाऊंचा चेहरा एवढ्या पडझडीतही उजळला. त्यांनी पंखा दाखवला, जाळी दाखवली, कोळसा दाखवला. म्हणाले, "बाहेर बिलकुल वास नाही येत, माय. कोणाले समजतच नाही."

"काहून?"

"काहून म्हणजे... शेजारी हाय ना."

माय पेटीच्या कडेला हात धरून उभी राहिली. "वास नाही आला तं शेजारीण वाटी घेऊन येईन कशी?" मायनं काठी पत्र्यावर टेकवली. "अख्खी दोरी भरून मी काय एकटीसाठी टांगत होती का? मी चान्या मांगतल्या होत्या बापा. लपाची जागा नव्हती मांगतली."

साडभाऊंनी कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत कानावर ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे दुसरं डिझाइन तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामावर गेले नाहीत. मटण नवं आणलं, आणि मायनं पलंगावर बसून त्याच्या पट्ट्या कशा उलगडत कापायच्या ते लेकाला दाखवलं. गच्चीवर नायलॉनची दोरी बांधली. लेव्हल न लावता. मला शिक्षा म्हणून काठी देऊन कावळे हाकायला उभं केलं होतं. तेवढ्यात सेक्रेटरी पापड वाळत घालायला वर आले, थबकले आणि म्हणाले, "हे काय हो?" मी आयुष्यभराच्या सरावानं तोंड उघडलं, "शाळेचा एक प्रयोग..." पण साडभाऊंनी मला कोपरानं बाजूला केलं. "चान्या हाय. मटणाच्या. माय करत होती, आता मी करून राहिलो. वाळल्या का पाठवतो तुम्हाले." सेक्रेटरी 'बरं बरं' म्हणाले आणि पापडांचं ताट घेऊन गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला गेले. साडभाऊंनी दोरीची चांगली बसलेली गाठ सोडून पुन्हा बांधली. मी कावळ्यांकडे बघितलं.

तीन दिवसांनी गॅलरीत शेगडी पेटली. चानी निखाऱ्यावर पडली, तडतडली आणि तो वास जिन्यात, वर, खाली, सगळीकडे पसरला. साडभाऊंनी ती वरवंट्यानं ठेचून मायच्या हातावर ठेवली आणि समोर उकिडवे बसले. माय कितीतरी वेळ चावत राहिली. "मीठ कमी हाय," ती म्हणाली आणि हात पुन्हा पुढे केला. साडभाऊ उठून आत गेले, नाक शिंकरल्याचा आवाज आला. मायनं चार खाल्ल्या. उरलेल्यांतल्या मूठभर एका ताटलीत वेगळ्या काढल्या आणि दाराकडे तोंड करून बसली. "येईन कोणी," ती म्हणाली.

जिन्यात पावलं वाजली, दारापर्यंत आली आणि वर निघून गेली. थोड्या वेळानं आणखी वाजली, तीही गेली. ताई उगाच शेगडीची राख सारखी करत होत्या. साडभाऊ दाराच्या बिजागरीत काहीतरी बिघाड शोधत होते. माय ताटली मांडीवर घेऊन बसली होती.

मी स्वयंपाकघरात गेलो, एक स्टीलची वाटी शर्टाखाली घातली, चप्पल बाहेर राहिली असं काहीतरी पुटपुटत बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं. जिन्यात जरा वेळ उभा राहिलो. मग कडी वाजवली. आतून काठीचा आवाज येऊ लागला, हळूहळू, बराच वेळ. दार मायनंच उघडलं.

"वास आला," मी वाटी पुढे करून म्हटलं, "म्हणून आलो."

मायनं वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिला काय दिसलं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तिनं ताटलीतल्या सगळ्या चान्या माझ्या वाटीत रिकाम्या केल्या, वरून दाबल्या आणि म्हणाली, "वाटी रिकामी नोको आणजो."

दार बंद झालं. मी वाटी घेऊन पायरीवर बसलो. आत मायचा आवाज आला, "कोणाचा होता गा तो?"

मग साडभाऊ म्हणाले, "शेजारचा होता, माय."